बेसबॉलच्या इतिहासावरची अमेरिकी टपाल तिकिटं: क्रम, जपणूक आणि खरं-खोटं

नवी_पानं

नमस्कार मंडळी,

बेसबॉलच्या इतिहासावर अमेरिकेच्या टपाल खात्याने काढलेल्या तिकिटांचा संग्रह नीट बांधायचा आहे. सध्या हाताशी १९३९चं ३ सेंटचं जांभळं तिकीट, १९६९चं ६ सेंटचं आणि २०००चा २० खेळाडूंचा अख्खा शीट आहे. शिवाय पाकिटांवरून कापलेल्या तिकिटांचा एक गठ्ठा आहे, त्यात २००६ची मँटल, कॅम्पानेला वगैरे बरीच.

चार गोष्टी विचारायच्या आहेत. पुढची तिकिटं कोणत्या क्रमाने घ्यावीत, आणि मिंट (कोरी, न वापरलेली) की वापरलेली? २००६ची तिकिटं अर्धा तास पाण्यात ठेवूनही कागद सोडत नाहीत, उलट कोपरे फाटू लागलेत, काय चुकतंय? १९६९चं तिकीट "काळा रंग सुटलेलं" (छपाईत काळा राहून गेलेलं) म्हणून बऱ्याच मोठ्या किमतीला विक्रीला दिसलं, ते खरं कसं ओळखायचं? आणि १९३९चं फर्स्ट डे कव्हर (तिकीट निघालं त्याच दिवशीचा शिक्का असलेलं पाकीट), ज्यावर बेसबॉलपटू लू गेरिगची बॉलपेनने केलेली सही आहे, ते घेण्यासारखं आहे का?

दाते_अकरा

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी: ते कव्हर घेऊ नका. सविस्तर कारण कव्हरांमधले जाणकार सांगतीलच. मी क्रमाचं बोलतो.

मुख्य रांग फार लांब नाही. १९३९चं ३ सेंट. मग तब्बल ३० वर्षांनी १९६९चं ६ सेंट, २४ सप्टेंबरला सिनसिनाटीत काढलेलं, कारण १८६९ साली तिथला रेड स्टॉकिंग्ज हा उघडपणे सगळ्या खेळाडूंना पगार देणारा पहिला संघ. त्यानंतर २० सेंटची तीन: जॅकी रॉबिन्सन १९८२, बेब रूथ १९८३, रोबेर्तो क्लेमेंते १९८४. मग लू गेरिग २५ सेंट, १९८९. २०००चा 'लेजंड्स ऑफ बेसबॉल' शीट ३३ सेंटचा, २००१ची दहा जुनी मैदानं ३४ सेंटची, २००६चे चार फटकेबाज ३९ सेंटचे, २००८चं 'टेक मी आउट टू द बॉल गेम' या गाण्याच्या शंभरीचं ४२ सेंटचं, २०१०ची नीग्रो लीगची (कृष्णवर्णीय खेळाडूंच्या वेगळ्या लीगची) जोडी ४४ सेंटची, २०१२चे डिमॅजिओ, डोबी, स्टार्जेल आणि टेड विल्यम्स, आणि २०२१चं योगी बेरा.

हे आकडे नुसते पाठ करू नका, त्यांच्याकडे नीट बघा. जवळपास प्रत्येक तिकिटाची किंमत म्हणजे त्या दिवशीच्या साध्या देशांतर्गत पत्राचा दर. ३ सेंटचा दर १९३२पासून १९५८पर्यंत टिकला. २० सेंटचा दर १९८१च्या नोव्हेंबरपासून १९८५च्या फेब्रुवारीपर्यंत होता, म्हणून रॉबिन्सन, रूथ आणि क्लेमेंते तिघेही एकाच किमतीत बसले. २०१२पासूनच्यांवर आकडा नाही, ती 'फॉरएव्हर' आहेत, म्हणजे पत्राचा दर वाढला तरी चालणारी.

आता निसटणारी तिकिटं. नवखे इथेच चुकतात, कारण ती बेसबॉलच्या नावाने निघालेलीच नाहीत. १९९६च्या लोकनायकांच्या चौकडीत बेसबॉलवरच्या कवितेतला माइटी केसी आहे. १९९८-२०००च्या शतकदर्शन मालिकेत दर दशकाला १५ तिकिटांचा एक शीट, त्यात १९२०च्या दशकात बेब रूथ, १९४०च्या दशकात जॅकी रॉबिन्सन आणि १९६०च्या दशकात रॉजर मॅरिसचे ६१ होमरन (मैदानाबाहेर मारलेले फटके). १९९२च्या ऑलिंपिक तिकिटांतही बेसबॉल आहे. २०१७ला गोल आकाराची, बोटाला खेळाच्या चेंडूचा पोत लागावा अशी तिकिटं आली, त्यात बेसबॉलचा चेंडू आहे.

मिंट की वापरलेली? १९३९चं ८ कोटींहून जास्त छापलं गेलं. वापरलेलं तर कॅटलॉगच्या किमान किमतीचं. १९६९ ते १९८९ची मिंट तिकिटंही स्वस्त. अमेरिकेतले विक्रेते त्या काळची मिंट तिकिटं दर्शनी किमतीपेक्षा कमीत विकतात, लोक ती पत्रांना लावूनही टाकतात. म्हणजे वापरलेल्या तिकिटांत पैसा घालवायचं कारणच नाही. हिंज (पानावर चिकटवायची छोटी गोंदपट्टी) न लागलेलं, मागचा गोंद शाबूत आणि चित्र चारही बाजूंनी मध्यावर असलेलं तिकीट निवडा. १९३९चं बघताना दाते मोजा: दर २ सेंटिमीटरला आडव्या बाजूला ११, उभ्या बाजूला १०½. एखाद्या कोपऱ्यातला दाता आखूड असेल तर पुढचं उचला, ८ कोटींत चांगलं मिळतंच.

शिक्का_आणि_तारीख

वरची यादी बरोबर आहे, पण "आधी सगळी मिंट, मग बाकीचं" हा क्रम मला पटत नाही. या विषयाचा जीव तारीख आणि गावात आहे, आणि ती दोन्ही फक्त कव्हरावर दिसतात.

१९३९चंच घ्या. १२ जून १९३९, कूपर्सटाउन, न्यूयॉर्क. त्याच दिवशी त्याच गावात हॉल ऑफ फेमचं, म्हणजे बेसबॉलमधल्या थोरांचा मान राखणाऱ्या संग्रहालयाचं, उद्घाटन झालं. तिकीट बेसबॉलच्या शंभरीचं, म्हणजे ॲबनर डबलडेने १८३९ साली कूपर्सटाउनात खेळ शोधला या, खेळाचं मूळ शोधायला नेमलेल्या मिल्स आयोगाच्या १९०७च्या निष्कर्षावर उभं. तो निष्कर्ष खोटा ठरला. १८३९ला डबलडे वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीत शिकत होता. पण तिकीट भिंगाखाली धरा: डबलडे कुठेच नाही, कुठलाही प्रसिद्ध खेळाडू नाही. मोकळ्या जागेत खेळणारी पोरं आहेत आणि मागे गावातल्या इमारती. दंतकथा कोसळली तरी चित्र खोटं पडलं नाही. या एकाच तिकिटावर संग्रहाचं पहिलं पान उभं राहतं.

पुढची गावं आणि तारखाही तशाच बोलतात. रूथचं तिकीट ६ जुलै १९८३ला शिकागोत निघालं, कारण पहिला ऑल-स्टार सामना ६ जुलै १९३३ला तिथल्याच कॉमिस्की पार्कवर झाला आणि त्यातला पहिला होमरन रूथचा. क्लेमेंतेचं १७ ऑगस्ट १९८४ला पोर्तो रिकोतल्या कारोलिनात, त्याच्या जन्मगावी, पन्नासाव्या जन्मदिवसाच्या आदल्या दिवशी. त्याच्या चेहऱ्यामागे पोर्तो रिकोचा झेंडा आहे. गेरिगचं १० जून १९८९ला पुन्हा कूपर्सटाउनात, हॉल ऑफ फेमच्या पन्नाशीला. नीग्रो लीगची जोडी १५ जुलै २०१०ला कॅन्सस सिटीत, जिथे रूब फोस्टरने १९२० साली नीग्रो नॅशनल लीग उभी केली. जोडीतल्या एका तिकिटावर फोस्टर आहे. ही जोडी कधीही सुटी करू नका.

अजून एक बारकावा. त्या काळी माणसाच्या मृत्यूला १० वर्षं झाल्याशिवाय सहसा त्याचं तिकीट निघत नसे, राष्ट्राध्यक्ष हे मुख्य अपवाद. क्लेमेंते १९७२ला गेला, तिकीट १९८४ला. मँटल १९९५ला गेला, तिकीट २००६ला. पानावर मृत्यूचं साल लिहिलंत की हा हिशेब वाचणाऱ्याला आपोआप दिसतो.

आता १९३९च्या कव्हराची परीक्षा. त्या दिवशी कूपर्सटाउनात ४ लाखांच्या आसपास कव्हरं शिक्का होऊन गेली, त्यामुळे साधं कव्हर दुर्मीळ नाही, कुणी तसं सांगितलं तर हसून पुढे जा. यंत्राच्या शिक्क्यात गोल तारखेशेजारी रेघांच्या मध्ये 'फर्स्ट डे ऑफ इश्यू' ही अक्षरं हवीत. पाकिटाच्या डाव्या अंगाला छापलेलं चित्र, ज्याला आपण कॅशे म्हणतो, त्यावर किंमत ठरते, आणि लबाडी तिथेच होते. कोऱ्या कव्हरावर पन्नास वर्षांनी चित्र छापून विकलेले नमुने फिरतात. चित्र जिथे शिक्क्याला किंवा पत्त्याच्या शाईला भिडतं तिथे १० पट भिंग लावा. कॅशेची शाई शिक्क्याच्या किंवा पत्त्याच्या वर चढली असेल तर चित्र नंतरचं.

दुसरी चाचणी लांब तरंगांच्या अतिनील दिव्याची. कागद पांढरा दिसावा म्हणून घालायची चकाकणारी द्रव्यं १९५०च्या सुमारापासून सर्रास झाली. १९३९चं म्हणवणारं पाकीट दिव्याखाली निळसर-पांढरं झगझगलं तर ते पाकीट त्या काळचं नाही. जुना कागद मंद, पिवळट किंवा करडा दिसतो.

आणि गेरिगची सही. तो २ जून १९४१ला गेला. अमेरिकेत बॉलपेन दुकानात आलं ऑक्टोबर १९४५मध्ये. म्हणजे गेरिगची बॉलपेनची सही असूच शकत नाही, प्रमाणपत्र मागायचीसुद्धा गरज नाही. उद्घाटनाच्या वेळी हयात असलेल्या ११ मानकऱ्यांच्या सह्यांची कव्हरं सर्वात महाग, म्हणून सर्वात जास्त बनावटही. तिथे मात्र बॉलपेन दिसलं म्हणून लगेच बाद करू नका: रूथ १९४८पर्यंत आणि सिस्लर १९७३पर्यंत हयात होता, जुन्या कव्हरावर नंतर सही घेतलेली असू शकते. टाक किंवा फाउंटन पेनच्या सहीत शाई कागदाच्या तंतूंत शिरते, रेघेचा दाब कमीजास्त होतो. बॉलपेनच्या रेघेत दोन्ही कडांना दाट आणि मधे फिकी अशी खाच दिसते. तिरप्या उजेडात बघा, लगेच कळतं.

चिमटा

२००६च्या गठ्ठ्याचं सांगतो. तुमचं काही चुकलेलं नाही, पाणीच चुकीचं औषध आहे.

अमेरिकेच्या सुरुवातीच्या स्टिकर तिकिटांत गोंद आणि कागदाच्या मध्ये पाण्यात विरघळणारा पातळ थर असे. २००२ ते २००४च्या दरम्यान तो थर बहुतेक तिकिटांतून गेला. २०००चे लेजंड्स आणि २००१ची मैदानं गार पाण्यात बऱ्यापैकी सुटतात. २००६चे फटकेबाज सुटत नाहीत. गोंद तसाच राहतो, कागद मात्र भिजून कमकुवत होतो आणि ओढाल तिथे फाटतो. कोपरे म्हणूनच गेले.

दोन वाटा आहेत. पहिली, मला आवडणारी: तिकीट कागदावरच ठेवा. चारही बाजूंनी साधारण ६ मिमी कागद सोडून सरळ कापा आणि तसंच पानावर लावा. आता बरेच संग्राहक हेच करतात.

दुसरी वाट रासायनिक. लिंबूवर्गीय तेलावर चालणारा चिकटपणा काढणारा फवारा घ्या. तिकीट उलटं ठेवा, फवारा मागच्या पाकिटाच्या कागदावर मारा, तिकिटाच्या चेहऱ्यावर नाही. एक-दोन मिनिटांत कागद पारदर्शक दिसू लागला की चिमट्याने एक कोपरा सोडवा. आता महत्त्वाचं: वाकवायचा तो पाकिटाचा कागद, तिकीट सपाटच राहिलं पाहिजे. तिकीट वाकवून सोलल्यास त्यावर कायमची घडी बसते. सुटलं की मागे चिकटपणा उरतो; टाल्कम पावडर बोटाने हलकी फिरवून झटकून टाका, नाहीतर ते शेजारच्या तिकिटाला किंवा पानाला धरून बसेल. खिडकी उघडी ठेवा, ज्वाला जवळ नको. आधी दोन नको असलेल्या तिकिटांवर हात बसवा, मग मँटलला हात लावा.

जुन्या, ओला करून चिकटवायच्या गोंदाच्या तिकिटांना, म्हणजे १९३९पासून १९८९पर्यंतच्या सगळ्यांना, साधं गार किंवा कोमट पाणी, १५ ते २० मिनिटं. गरम पाणी नाही. लाल, हिरव्या किंवा गडद पाकिटावरची तुकडी वेगळ्या भांड्यात, कारण त्यांचा रंग पाण्यात उतरतो आणि जांभळ्या १९३९ला धरतो. तिकीट स्वतःहून घसरलं पाहिजे, ओढू नका. मागचा गोंद बोटाने पाण्यातच पुसून काढा, चेहरा खाली करून टिपकागदावर सुकवा, किंचित ओलसर असतानाच दोन टिपकागदांमध्ये जड पुस्तकाखाली रात्रभर ठेवा.

२०००चा शीट मात्र अख्खाच राहू द्या. २० तिकिटं २० वेगळ्या खेळाडूंची आहेत, एक सोललंत तर शीट मोडला. मागचा कागद काढू नका, तो त्याच्या गोंदाचं झाकण आहे.

गोंदपाठ

१९६९बद्दल. चूक खरी आहे, स्कॉट या अमेरिकी तिकीट-कॅटलॉगमध्ये १३८१ए या क्रमांकाने नोंदलेली: तिकिटावरची काळी अक्षरं, म्हणजे सालं, देशाचं नाव, ६ सेंट आणि 'प्रोफेशनल बेसबॉल', पूर्ण गायब. पण "पूर्ण" या शब्दावर सगळी किंमत आहे. ३० पट भिंगाखाली अक्षरांच्या जागी काळ्याचा एक ठिपकाही सापडला तर ते रंग कमी लागलेलं तिकीट, रंग सुटलेलं नाही. त्याला फार पैसे देऊ नका.

लबाडी होते ती शाई घालवून. रसायनाने किंवा खरवडून काळं काढतात. तिरप्या उजेडात अक्षरांच्या जागी कागदाचे तंतू उठलेले दिसतात, चकाकी तुटते, आसपासचे रंग फिकट झालेले असतात. १९६९च्या तिकिटावर फॉस्फरचा लेप आहे. आखूड तरंगांच्या अतिनील दिव्याखाली तो हिरवट-पिवळा उजळतो. रसायन लागलं असेल तर तिथे लेप डागाळलेला किंवा नाहीसा दिसतो. हा दिवा डोळ्यांना घातक आहे, चष्मा घालूनच वापरा आणि सरळ त्याच्याकडे बघू नका.

एवढं करूनही मोठी रक्कम द्यायची असेल तर अमेरिकन फिलाटेलिक सोसायटी किंवा फिलाटेलिक फाउंडेशनचं प्रमाणपत्र हवंच. प्रमाणपत्रावरचा फोटो आणि हातातलं तिकीट यांचे दाते एकेक करून जुळवा. प्रमाणपत्र एका तिकिटाचं आणि विक्रीला दुसरं, हे होतं.

साठवणुकीचं थोडक्यात, कारण इथे चूक झाली तर वरचं सगळं वाया. पीव्हीसीची पारदर्शक पानं नकोत, त्यातला मऊपणा आणणारा पदार्थ हळूहळू बाहेर येतो आणि शाई व गोंद दोन्ही बिघडवतो. पॉलिप्रॉपिलीन किंवा पॉलिएस्टर चालतं. मिंटला माउंट (पारदर्शक खोळ) लावा, हिंज नाही. १९३९सारख्या आडव्या स्मारक तिकिटाला साधारण ४० बाय २५ मिमीचा माउंट बसतो. माउंट तिकिटापेक्षा दीड-दोन मिमी सैल असू द्या, घट्ट असेल तर सरकवताना दाते मोडतात. हवेत दमटपणा ५० टक्क्यांच्या आसपास ठेवा. जास्त झाला की मिंटचा गोंद ओला होऊन पानाला चिकटतो. स्टॉकबुक उभं ठेवा, आडव्या थप्पीत दाबाने तेच होतं. जांभळं १९३९ उन्हात टांगू नका, रंग उडतो आणि परत येत नाही.

नवी_पानं

सगळ्यांचे मनापासून आभार. गेरिगचं कव्हर सोडून दिलं. एक राहिलं: इतर देशांची बेसबॉल तिकिटं घ्यावीत का?

शिक्का_आणि_तारीख

निवडक घ्या, आणि सुरुवात फिलिपिन्सपासून करा. १९३४च्या सुदूर पूर्व क्रीडास्पर्धांसाठी मनिलात तीन तिकिटं निघाली, त्यातलं २ सेंतावोचं बेसबॉलचं. अमेरिकेच्या स्वतःच्या तिकिटाआधी ५ वर्षं! फिलिपिन्स तेव्हा अमेरिकेच्या ताब्यात होतं, म्हणून हे तिकीट तुमच्या पानावर १९३९च्याही आधी, अगदी हक्काने बसतं.

निकाराग्वाची १९४९ची हौशी विश्वमालिकेची तिकिटंही छान आहेत, फक्त मालिकेत फुटबॉल, टेनिस, सायकल असं सगळं आहे, बेसबॉलचीच वेचून घ्या. जपानची १९६८ची शालेय स्पर्धेच्या पन्नासाव्या वर्षाची जोडी स्वस्त आणि देखणी. ग्रेनाडाने १९८८ला अमेरिकी खेळाडूंची ढिगाने तिकिटं काढली. ती संग्राहकांना विकण्यासाठीच छापलेली आहेत. त्या पैशात १९३९चं एखादं खरोखर पोस्टातून गेलेलं पत्र घ्या: ३ सेंटच्या तिकिटाला २ सेंटचं आणखी एक जोडून परदेशी गेलेलं, कारण तेव्हा समुद्रमार्गे परदेशी पत्राचा दर ५ सेंट होता. शिक्का १९३९च्या उन्हाळ्यातला आणि तिकिटावर नीट पडलेला असला तर सोडू नका.